ताशी पंधरा मैल

हंबीरराव मूळचा माणदेशातला, दहिवडीच्या वरच्या अंगाचा. लढाईत तो डिस्पॅच रायडर होता. एका ठाण्याचे कागद मोटारसायकलवरून दुसऱ्या ठाण्याला पोचवायचे, हे त्याचं काम. इटलीच्या डोंगरात त्यानं असे दोन हिवाळे काढले. सेहेचाळीस साली सुटून आला तेव्हा गावात त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. शेती कोरडवाहू आणि मेंढरं भावाकडं. मग त्यानं पुण्याला जाऊन लष्करानं मोडीत काढलेली एक मोटारसायकल घेतली, चार गाड्यांचे सुटे भाग घालून ती चालती केली, आणि तिच्यावरूनच सांगलीत येऊन वर्धमान आण्णांच्या दुकानात फिटर म्हणून लागला.

आण्णांचं दुकान विहिरीवरच्या इंजिनांचं आणि पंपांचं. आण्णा इंजिन विकायचे, हंबीरराव ते बसवायचा आणि बिघडलं की दुरुस्तही करायचा. कधी कुंडल, कधी कराड, कधी थेट साताऱ्यापर्यंत. पहिली दोन वर्षं तो एकटाच जायचा. माणूस अबोल, कामापुरतं बोलायचा. पण गाडीवर बसला की त्याचा चेहरा सैल व्हायचा, हे दुकानातल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

अठ्ठेचाळीसच्या दिवाळीनंतर आण्णांनीही मोटारसायकल घेतली. वय पन्नाशीचं, अंगात कोट, डोक्याला काळी टोपी, आणि धोतराचा सोगा चाकात जाऊ नये म्हणून पोटरीला बांधलेली सुतळी. "आता दोघं मिळून जाऊ रं," ते खुशीत म्हणाले. "तुला बी सोबत, मला बी."

मालकाला नाही कसं म्हणायचं? हंबीरराव "व्हय" म्हणाला.

आण्णांची गाडी ताशी पंधरा मैलांच्या वर जात नसे. बैलगाडी दिसली की ते गाडी थांबवत, बैलगाडी पार जाईपर्यंत पाय टेकून उभे राहत. ओळखीचा माणूस दिसला की उतरत. दहातल्या आठ माणसांशी त्यांची ओळख होती. हंबीरराव मागून दुसऱ्या गिअरमध्ये धूळ खात चालायचा. इंजिन तापायचं, प्लग काजळायचा, पलूस येईपर्यंत त्याचे खांदे भरून यायचे. पुढं निघून जावं तर आण्णा मागून हाका मारायचे.

त्यानं सबबी सांगून बघितल्या. "आण्णा, तुमी व्हा फुडं, मला प्लग साफ कराय पायजे." तर आण्णा सावलीत बसून राहिले, "कर की सावकाश." एकदा तो दिवस उगवायलाच निघाला, पुढच्या खेपेला आण्णा त्याच्या आधी रस्त्यावर येऊन उभे. "तुला लवकर जायचं असतंय, मला आधी सांगायचं न्हाई व्हय?"

एप्रिलात कुंडलच्या दादासोंचं इंजिन बंद पडलं. त्यांचा पानमळा होता, आणि पानवेलीला त्या उन्हात दोन दिवस पाणी नाही म्हणजे मोठीच आफत. निरोप मिळाला तसे दोघं सातला निघाले. एकट्या हंबीररावानं तासाभरात मळा गाठला असता. वाटेत थांबत थांबत पोचायला साडेअकरा झाले. दादासो बांधावर उभे होते. चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "लय वाट बघाय लावली, गड्या." वेलींनी माना टाकल्या होत्या. हंबीररावानं सदरा काढला आणि कामाला लागला. पाणी सुटलं तेव्हा दिवस चांगलाच कलला होता. तोवर कडेच्या चार ओळी हातच्या गेल्या होत्या.

आण्णा जैन, दिवस मावळल्यावर अन्न घेत नसत. परतताना ते म्हणाले, "आज तू हो पुढं. मी येतो तुझ्या मागं, जरा जोरात." हंबीरराव मागं बघत बघत निघाला, तरी भिलवडीच्या अलीकडं त्याला मागची गाडी दिसेना. तो वळला. आण्णा रस्त्याच्या कडेला वाळूत बसले होते, कोपर सोललेलं, टोपी लांब जाऊन पडलेली. हंबीररावानं त्यांची गाडी जवळच्या मळ्यात लावली आणि त्यांना आपल्या मागं बसवून घेतलं. माधवनगरच्या अलीकडंच दिवस बुडाला. त्या रात्री आण्णा उपाशीच राहिले.

सकाळी हंबीरराव त्यांच्या घरी गेला. आण्णांच्या पत्नी गुणमालाक्का कोपराला हळद लावत होत्या. हंबीरराव उंबऱ्याशीच उभा राहिला.

"आण्णा, राग मानू नका. तुमच्या दुकानात मी हाय, सांगाल ते काम करीन. पर हितनं फुडं गाडीवर तुमच्या संगं येणार न्हाई."

आण्णांनी वर बघितलं. "मी हळू चालवतोय म्हणून?"

पुन्हा प्लगाचं काहीतरी सांगावं, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण तो म्हणाला, "व्हय."

मग आण्णा म्हणाले, "लढाईवरनं आलास तवा तू कुणाशी बोलत नव्हतास. वाटलं, एवढ्या रस्त्याला एकटाच जातोय, मनाला खात असंल काहीतरी. म्हणून घेतली मी गाडी. मला कुठं हौस होती?"

"एकटा असलो की बरं वाटतं मला, आण्णा," हंबीरराव म्हणाला. "रस्त्याला एकटा असलो की."

"बरं झालं बाई बोलला," गुणमालाक्का म्हणाल्या. "ह्यांच्याच्यानं तर सांगवंना. तुझ्यापायी जोरात न्यायची म्हणून जीव मुठीत धरून जायचे. घरी आले की पाण्याचा तांब्या धरता येत नव्हता."

"तू गप," आण्णा म्हणाले. पण ते हसत होते. पंधरा मैल हा आण्णांचा जोरातला वेग होता, हे हंबीररावाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"मग मी बारा मैलांनं जाईन आता," आण्णा म्हणाले. "दूध पिऊन जा."

तेव्हापासून दोघं वेगवेगळे निघू लागले. हंबीरराव सरळ मळ्यावर जायचा, दुपारच्या आत काम उरकायचा. आण्णा मनासारखे थांबत, गप्पा मारत जायचे, आणि त्या गप्पांतूनच त्या पावसाळ्याआधी तीन इंजिनं विकली गेली. रस्त्यात कधी गाठ पडली तर हंबीरराव वेग कमी करून हात वर करायचा. हँडलवरचा हात काढायची आण्णांची छाती नव्हती. ते नुसती मान हलवायचे, आणि हंबीरराव पुढं निघून जायचा.