सरदारसाहेबांची पदवी

आमच्या सामोआतल्या गावात इओसुआला सरदारकी मिळाली, 'तुइमाना' ही पदवी मिळाली, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. लहानपणी आम्ही एकत्रच नारळ पाडायचो!

चर्चच्या गाण्यांच्या फाइली पाद्रीबाबांच्या विंडोज कॉम्प्युटरवर असायच्या. शाळेच्या लिनक्स कॉम्प्युटरवरून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्या आणणं फक्त इओसुआलाच जमे. त्या रविवारी तीनदा उत्तर आलं, 'प्रवेश नाही.' प्रार्थनेची वेळ झाली, गाणारे खोळंबले. पठ्ठ्या ऐटीत लॉगिनच्या नावाच्या जागी नवी पदवी टाकत होता! मी गालात हसत मजा बघत होतो.

"अहो, हसताय काय? सांगा की!" बायको खेकसली.

"सरदारसाहेब, त्या यंत्राला तुमची पदवी कुणी कळवलीच नाही. इओसुआच टाका!"

गाणी आली. टाळ्या मात्र त्यालाच!