मागांच्या ठेक्यात स्थिर राहिलेलं पाणी

डॉ. शरयू बांदिवडेकर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती उभ्या उभ्याच. परळच्या त्यांच्या प्रयोगशाळेत मी संशोधक विद्यार्थिनी म्हणून मुलाखतीला गेले होते. समोर खुर्ची होती, पण बाई बसल्या नाहीत, म्हणून मलाही बसता येईना. खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत त्यांनी भौतिकशास्त्राचे दोन प्रश्न विचारले आणि तिसरा विचारला, "केसांना तेल लावतेस?"

"रोज. खोबरेल."

"उद्यापासून बंद. आणि बांगडा तळून आलीस तर हात तीनदा धुवायचे. पाण्याला सगळं कळतं."

एवढ्यावर माझी निवड झाली. आता बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत आणि गौरव अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे संयत शब्दांत लेख मागितला आहे. मागितला खरा! मी मुळातच उतावळी, आणि बाई स्वतः तरी कधी स्वस्थ बसल्यात?

बाईंचं काम थोडक्यात सांगते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला स्निग्ध पदार्थांचं अतिशय पातळ आवरण असतं आणि त्याला प्रथिनं चिकटून असतात. कुठलं प्रथिन किती खोल रुतलं आहे, हे बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी त्या तसंच आवरण पाण्यावर तयार करीत. रश्श्यावर तवंग यावा तसं, फक्त एका रेणूच्या जाडीचं. त्यावर क्ष-किरण अगदी तिरपे सोडायचे आणि कोनागणिक किती किरण परतून येतात ते मोजायचं. त्यातून जी वक्ररेषा मिळते, ती थरांची जाडी सांगते. अट एकच. पाणी जराही हलता कामा नये.

आणि आमची भिंत कापडगिरणीला लागून! तिन्ही पाळ्या माग चालत आणि आमचं पाणी थरथरत राही. गिरणीच्या साप्ताहिक सुट्टीला काय ते मोजमाप व्हायचं. त्याच गिरणीत माझे बाबा विणकर होते. "तुझ्या बाबांना सांग, जरा हळू विणा," असं बाई चेष्टेने म्हणत.

मग संप झाला. दुसऱ्याच दिवशी आम्हांला जन्मात मिळाली नव्हती अशी स्वच्छ वक्ररेषा मिळाली. मी अक्षरशः उडी मारली. "बाई, पाणी हललं नाही!" बाई हसल्या नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "अगं, का हललं नाही?" माझं तोंड उतरलं. बाबांचा माग बंद होता म्हणून मी नाचत होते. लाज वाटली मला, आजही वाटते.

"चप्पल घाल," बाई म्हणाल्या आणि तडक आमच्या लालबागच्या चाळीत आल्या. त्यांनी बाबांना सगळं सांगितलं. बाबा विडी विझवून म्हणाले, "म्हणजे माजो माग बंद पडलो म्हणान तुमचा पाणी शांत झाला. उद्या माग सुरू झाले काय मगे?"

"मग चालत्या मागांतही हीच रेषा काढून दाखवीन," बाई म्हणाल्या. "तोवर ही छापणार नाही. शब्द देते."

बाबांनी मागितला नव्हता हो तो शब्द! मला असा संताप आला म्हणून सांगू! शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, परदेशात दुसरे लोक याच विषयावर टपून होते, आणि घरात मिळवती मी एकटी. माग काही सुरू होईनात. महिन्यांमागून महिने गेले, गिरणीच्या फाटकावरचं कुलूप गंजलं. एके दिवशी माझा तोल गेला. "शब्द तुम्ही दिलात आणि भोगायचं मी?"

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं आणि घाबरलेच. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आधी तुला विचारायला हवं होतं. पण एका विणकराला दिलेला शब्द मी आता कसा मोडू?"

घरी येऊन मी हे रडत रडत सांगितलं. सकाळी बाबा प्रयोगशाळेत हजर. मागाचा हादरा जमिनीतून कसा येतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी रेतीने भरलेली लाकडी पेटी बनवली, तिच्याखाली हवा भरलेल्या सायकलच्या ट्यूब घातल्या आणि वर आमचं पाण्याचं भांडं ठेवायला लावलं. "माग नाय चलत तर आम्ही चलवतंव," म्हणाले आणि दुपारी त्यांच्या भजनी मंडळातल्या पाच विणकरांना घेऊन आले.

किरणांचं यंत्र शिशाच्या भिंतींआड होतं. बाहेरच्या ओसरीवर सहा जण उभे राहिले आणि जमिनीवर पाय आपटू लागले. पण भजनाची सवय! दोन मिनिटांत सगळे एकाच तालात आले, एक तर डोळे मिटून डोलायला लागला. पेटीबिटी असूनही सहा जणांच्या एकत्र हादऱ्याने आतलं पाणी डुचमळलं, मोजमाप वाया गेलं. बाबा कडाडले, "अरे मेल्यांनो, ह्या भजन न्हय! माग कधी एका तालात वाजतत? आपापलो माग धरा!"

मग प्रत्येकाने आपापला माग धरला. कुणाचा जलद, कुणाचा अडखळणारा. गिरणीतला तोच गदारोळ ओसरीवर उभा राहिला, जमीन हादरू लागली आणि आत पाणी काचेसारखं स्थिर. तासाभराने रेषा हातात आली. संपाच्या दुसऱ्या दिवशीची तीच, हुबेहूब! मी थांबा म्हणून सांगायला बाहेर धावले, पण ते थांबेनात. घामाने निथळत, कुणाकडेही न बघता आपापला माग चालवत राहिले. बाईंनी माझा हात धरला. "चालवू दे त्यांना," म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, मी तर हुंदके देत होते.

आमचा शोधनिबंध छापून आला, परदेशातल्यांच्या नंतर. त्याच्या आभारात सहा विणकरांची नावं आहेत. गिरणी पुन्हा उघडली नाही, आज तिथे टॉवर आहे. बाबाही आता नाहीत. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं, पण आपलं नाव कुठल्या ओळीत आहे ते बोट ठेवून दाखवायचे आणि येईल त्याला सांगायचे, "बाईंनी माजो माग बंद पडूक दिल्यानी नाय."

बाबांच्या वतीने आणि माझ्या वतीने मी बाईंना उदंड आयुष्य मागते. गुडघे ठणठणीत राहोत, नजर अशीच तिखट राहो, खिडकीपासून दारापर्यंतच्या येरझाऱ्या चालू राहोत. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर तुमच्यासाठी मोठी खुर्ची ठेवतील, बाई. तिच्यावर फार वेळ बसू नका. तुम्ही बसलात की मला अजून भीती वाटते.