खोडाळ्याचा बारावा फोटो

अंधाराला भिणारा माणूस फोटोग्राफर होऊ शकत नाही... निदान आमच्या काळात तरी होऊ शकत नव्हता. जव्हारला माझा स्टुडिओ होता आणि त्याच्यामागे डार्करूम. तिथे लाल दिव्यात मी बारा वर्षं काढली. भुतांना यायचंच असतं तर इतकी सोयीची जागा त्यांना अख्ख्या तालुक्यात मिळाली नसती! पण आली कोण? झुरळं, आणि आमची सौ. — तीही नेमकी प्रिंट धुताना धाडकन दार उघडून, "चहा गार होतोय!" म्हणत. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

साल १९९९, डिसेंबर. पासपोर्ट फोटो आणि शाळांचे ग्रुप काढून मी विटलो होतो. पुण्यात पोर्ट्रेट शिकवणारा सहा महिन्यांचा एक वर्ग होता. प्रवेशाची अट एकच — एखाद्या नामवंत फोटोग्राफरचं पोर्ट्रेट निवडा आणि जसंच्या तसं पुन्हा काढा. नक्कल करता करता त्याचा हात कळतो, म्हणे. मी दोनदा नापास झालो होतो. ही खेप शेवटची. नाही जमलं तर स्टुडिओला कुलूप आणि सासऱ्यांच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. सासऱ्यांनी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

मी निवडलेला फोटो एका फार मोठ्या माणसाचा. आपण त्यांना नुसतं 'साहेब' म्हणू. ते जाऊनही बरीच वर्षं झाली होती. तरुणपणी ते आमच्या डोंगरात फिरले होते. त्यांच्या पुस्तकात एका फोटोखाली फक्त 'खोडाळा' लिहिलंय. कुडाच्या भिंतीपुढे एक तरुण बाई. डोळे लखलखताहेत, ओठ मात्र गच्च मिटलेले. डाव्या कडेला कुणाचा तरी नुसता कोपर. त्या ओठांवर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत — डोंगराचं मौन, बाईचं सोसणं, वगैरे वगैरे.

पुस्तक काखोटीला मारून मी खोडाळ्याच्या बाजारात गेलो. नागली विकणारी एक बाई फोटो बघून ओरडलीच, "ही त आमची सोमीबाय!"

सोमीबाय जिवंत होती! पण म्हातारी, आणि कानांनी ठार बहिरी. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काय ते ऐकू यायचं. मी ओरडलो, "सोमीबाय, फोटोत तोंड का मिटलं होतंस?"

"जेवले मी. तू जेव."

पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "आठवत नाय." आणि तोंडाला पदर लावला.

घर तेच, भिंत तीच. मॉडेल म्हणून तिची सून कमळ तयार झाली. कोपर हवाच होता, म्हणून सोमीबायला तिच्या डाव्या अंगाला उभी केली. सकाळी नऊचा तिरका उजेड तंतोतंत जुळला. जुळेना तो चेहरा! कमळ एकतर जप्तीवाले आल्यासारखी बघायची, नाहीतर बत्तीस दात दाखवायची. दोन खेपा फुकट गेल्या. तिसऱ्या खेपेला शेवटचा रोल, बारा फोटोंचा. प्रिंट दुसऱ्या दिवशी पोस्टात पडायला हवी होती. अकरा फोटो वाया गेले. मला सिमेंटचा वास यायला लागला.

बारावा. लेन्सची टोपी दातांत धरायची मला सवय. तशी धरली आणि कॅमेऱ्यावर वाकलो. म्हणजे माझं तोंड बंद होतं, हे लक्षात ठेवा. आजूबाजूला चिटपाखरू नाही, सगळे नागली झोडायला खळ्यावर.

आणि अचानक कमळचे डोळे चमकले. ओठ गच्च मिटले. तोच चेहरा! मी बटण दाबलं.

त्याबरोबर तिला हसू फुटलंच. "दादा, असा बोलतात काय रं? माझी सासू हितंच हाय ना!"

मी टोपी काढली. "मी काय बोललो?"

"तूच बोललास ना — सासू धरा!" तिनं माझ्याकडे हात केला.

"अगं, माझ्या दातांत टोपी होती!"

तेवढ्यात पाहतो तर सोमीबाय, जिला कोंबड्याची बांगसुद्धा ऐकू येत नसे, ती हसून हसून उंबऱ्यावर बसली होती.

"तू नाय," ती डोळे पुसत म्हणाली. "तो बोलला. तवाचा फोटोवाला. तवा बी असाच बोलला — 'सास धरा, सास धरा'. त्याला म्हणायचा व्हता श्वास धरा, हलू नको. मना वाटला, सासूला धर! आणि माझी सासू अशी बाजूला उभी... वाघीण व्हती वाघीण. हसले असते त मेलेच व्हते. मंग त्वांड दाबून धरला."

डोंगराचं मौन ते हे!

मी कानाशी ओरडलो, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"सुनेदेखत सांगू?" तिनं कमळकडे बोट केलं. "उद्या खरंच धरला मना, मंग?"

"आये, आज रातच्याला धरते बघ," कमळ तिच्या कानाशी ओरडली, आणि दोघी पुन्हा हसत सुटल्या.

फोटो वेळेत पोस्टानं पुण्याला गेला. मला प्रवेश मिळाला. सासऱ्यांनी माझ्यासाठी आणलेल्या खुर्चीवर अजून मांजर बसतं.

पुण्यात पहिल्याच दिवशी आमच्या सरांनी माझी प्रिंट आणि साहेबांचा फोटो शेजारी शेजारी लावले. सर तरुणपणी साहेबांचे असिस्टंट होते. "हा चेहरा आणलास कसा?" त्यांनी विचारलं. मी घडलं तसं सांगितलं, 'सास धरा'सकट. वर्ग खदाखदा हसला. सर हसले नाहीत.

"साहेबांना 'श' म्हणता यायचा नाही," ते हळूच म्हणाले. "त्याची त्यांना फार लाज होती. आम्ही चारपाच जण सोडले तर हे कुणालाच ठाऊक नाही."

मग त्यांनी भिंग घेऊन दोन्ही फोटो पुन्हा तपासले.

"खरं सांग. हा फोटो काढला कुणी?"

आज इतकी वर्षं झाली. कमळनं ऐकलं, बहिऱ्या सोमीबायनं ऐकलं, आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या मला मात्र एक अक्षर ऐकू आलं नाही. का, ते मला सांगता येत नाही. तुम्हाला येत असेल तर जरूर सांगा. त्या दिवशी सरांना जे उत्तर दिलं, तेच अजून माझ्याकडे आहे...

"बटण मी दाबलं, सर."