सुलभाने घडवलेली गाय

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गणपतीचं मखर पुसून माळ्यावर ठेवत होते. फोनवर तिची सून मंजिरी एवढंच म्हणाली, "नीलामावशी, आई उठल्याच नाहीत..." चौलमध्ये आमची घरं एका आळीच्या अंतरावर. मी तशीच चालत गेले. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन ताटं केळीच्या पानाने झाकलेली होती, त्याखाली तिने आदल्या संध्याकाळी करून ठेवलेली साखरेची फुलं होती. कोणाच्या तरी बारशासाठी. ती अजून ओलसर होती.

तीस वर्षं आम्ही एकाच शाळेत शिकवलं. मी मराठी, ती चित्रकला. मातीकाम हा तिचा खरा जीव. निवृत्तीनंतर मंजिरीने तिला फोनवर केकचे प्रकार दाखवले आणि सुलभाला माती पुन्हा सापडली, फक्त या वेळी ती गोड होती. केक कोरून त्याला आकार द्यायचा आणि वर फाँडंट, म्हणजे साखरेची मळलेली, पोळीसारखी लाटलेली कातडी चढवायची. तिचा पहिला केक फणसाचा. एकेक काटा तिने हेअरपिनने उचलून काढला होता. आमच्या ह्यांनी पिकलाय का ते बघायला त्यावर टिचकी मारली, तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली होती.

तीन वर्षांपूर्वी आश्विनात दिघीच्या प्रकाश नावाच्या माणसाचा फोन आला. नोकरी पनवेलला, आई यमुनाबाई गावी. आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती आणि ती वसुबारस मोठ्या निष्ठेने करायची. आषाढात त्यांची गाय साप चावून मेली, तेव्हापासून आईचं बोलणं जवळजवळ बंद होतं. त्याला बसलेल्या गायीचा, कुशीत वासरू असलेला केक हवा होता. गावजेवण होतं, आईच्या हस्ते कापायचा होता. सुलभाने क्षणात होकार दिला. एवढं मोठं शिल्प तिला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

वसुबारसेला गहू चालत नाही, गायीचं दूधतूपही नाही. तिने तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि गूळ घेऊन पाच वेळा केक केला. चार वेळा तो भुगा झाला. आश्विनातली खारी, दमट हवा फाँडंटला घाम फोडते, म्हणून तीन दिवस ती दारंखिडक्या लावून पंख्याखाली काम करत होती. मी मदतीला होते. तिसऱ्या दिवशी तिने गायीला डोळे लावले. काळेभोर, किंचित ओले. त्या क्षणी ती साखर राहिली नाही, गाय झाली. माझ्या मनात लख्ख आलं, हिच्यावर सुरी कोण चालवणार? आणि तेही वसुबारसेला... मी तोंड उघडलं होतं. पण सुलभा दोन पावलं मागे सरून बघत होती, चेहऱ्यावर असं समाधान की मी शब्द गिळले. "छान झालीय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाड्याच्या गाडीतून आम्ही आगरदांड्याच्या धक्क्याकडे निघालो, खाडीपलीकडे दिघी. मागच्या सीट काढून तिथे पाट बांधला होता, सुलभा त्याला धरून मागेच बसली. प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटायची. फेरीबोटीवर गाडी चढली आणि इंजिन बंद करायला सांगितलं. एसी थांबला. पाच मिनिटांत गायीच्या पाठीवर पाण्याचे थेंब उभे राहिले, दहाव्या मिनिटाला मानेखाली बारीक चीर पडली. खाडीला त्या दिवशी लाटा होत्या. बोट हलेल तशी चीर रुंदावत गेली. सुलभाने उरलेल्या फाँडंटची वळी केली, ओल्या बोटाने चिरेत भरली आणि दिघी येईपर्यंत दोन्ही तळव्यांवर ते डोकं तोलून धरलं. मी वर्तमानपत्राने वारा घालत होते.

अंगणात मांडव, पन्नासेक माणसं. दिवेलागणीला यमुनाबाई बाहेर आल्या. लहानखुऱ्या, ताठ. त्या गायीपुढे किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. मग त्यांनी गायीच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, वासराला लावलं, ओवाळलं. साखरेवर कुंकू पसरत होतं. प्रकाशने फीत बांधलेली सुरी पुढे केली.

यमुनाबाईंनी ती घेतली नाही. लेकाकडे न बघताच म्हणाल्या, "गाय सापानं नेली. वासरू तू मला न इचारता इकलंस. आता हिच्या मानेवर सुरी मी फिरवू?"

वासरू विकल्याचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. प्रकाशचा चेहरा उतरला आणि मग सगळा राग आमच्याकडे वळला. एवढ्या माणसांत शोभा केलीत, तुम्हाला एवढंही कळलं नाही का, असं तो बोलत राहिला. सुलभा मागे हटली नाही. "चूक माझी आहे," ती म्हणाली. "हात चालत होते, डोकं चाललं नाही." मला माहीत होतं, हे मी तेव्हाही बोलले नाही.

यमुनाबाईंनी हाताने लेकाला थांबवलं. सुलभाला आपल्याजवळ जमिनीवर बसवलं आणि गाय कशी पडली, वासरू टेम्पोत चढताना कसं हंबरलं, ते सांगू लागल्या. सांगता सांगता रडल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा, असं नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं. प्रकाश खांबाला टेकून ऐकत होता. मग तोही आईच्या पायाशी येऊन बसला. ती गाय कोणी खाल्ली नाही. दोन दिवसांनी, मुंग्या लागल्यावर, मायलेकांनी ती खाडीत सोडली.

त्यानंतर सुलभाने डोळे असलेलं काहीही केलं नाही. दर वसुबारसेला मात्र ती साधा तांदळाचा केक डब्यात घालून दिघीला जायची. मला बोलवायची, मी काहीतरी कारण काढायची. त्या अंगणात पुन्हा पाय ठेवायची माझी छाती नव्हती.

तिच्या तेराव्याला यमुनाबाई प्रकाशला घेऊन खाडी ओलांडून आल्या. मला शोधत मागच्या पडवीत आल्या. "तू नीला ना?" म्हणाल्या. "सुलभाबाय बोल्ली व्हती, नीलाला त्या दिशी कळलं व्हतं, पन ती बोल्ली न्हाय. बोल्ली असती तर मी गाय केलीच नसती, आन् यमुनाबाई, तुम्ही मोकळं रडला नसता." त्या दिवशी मी तोंड उघडून मिटलेलं तिने पाहिलं असणार. तीन वर्षं सुलभाला माहीत होतं, आणि तिने मला एकदाही त्याची आठवण करून दिली नाही.

परवा मंजिरीने स्वयंपाकघर आवरायला बोलावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं उलटताना वसुबारसेच्या चौकटीत सुलभाचं पेन्सिलीतलं अक्षर दिसलं. 'दिघी. दुपारची बोट.' खाली अजून एक ओळ, 'नीलाला या वेळी ओढून न्यायचं.' मी मंजिरीकडून तांदळाच्या केकचं प्रमाण लिहून घेतलं आहे. पहिला भुगा झाला. उद्या पुन्हा करते.