तिबोट्या कामावर जातो

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात वाल्मीक गांगुर्डे लेथ चालवायचा. वय अठ्ठावन्न, बोटं आठ. डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात गेली होती. लांब, बारीक रॉड लेथवर फिरत होता, त्याला मधे आधार नव्हता, आणि तिथला मालक म्हणाला होता, "सावकाश घे, होईल." रॉड मधोमध वाकला आणि चाबकासारखा फिरला. तेव्हापासून वाल्मीक रोज संध्याकाळी हात धुताना बोटं मोजायचा.

लांब रॉडला मधे आधार देणारं एक लोखंडी कडं असतं, त्याला स्टेडी म्हणतात. कड्यातून आत आलेली तीन बोटं फिरत्या रॉडला हलकेच धरून ठेवतात. या कारखान्यातही एक स्टेडी होती, पण ती आता देव झाली होती.

झालं असं की, चार वर्षांपूर्वी खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू वाहताना झाडलोट करणाऱ्या लंकाबाईंनी कोपऱ्यातल्या स्टेडीला शेंदूर फासला. आठवड्यात त्यांचा गुडघा दुखायचा राहिला. मग वेल्डर रहेमानने देवाला स्टँड करून दिला. "मला काय, सांगितलं, केला," एवढंच तो म्हणे. सरकारी तपासणी आली की शेजारच्या कारखान्यातली माणसं नारळ घेऊन यायची. देवाचं नाव पडलं तिबोट्या. डाव्या हाताला उरलेली तीन बोटं बघून काही जण वाल्मीकलाही नमस्कार करायचे. त्याला फार अवघडल्यासारखं व्हायचं.

तो फक्त दर शनिवारी देवाच्या बोटांना थोडं ग्रीस लावी. गंजू नयेत म्हणून.

एका सोमवारी नामपूरहून कांदा निवडायच्या मशीनचा शाफ्ट आला. चार फूट लांब, अंगठ्याएवढा जाड, आणि संध्याकाळपर्यंत हवा.

"शेखरशेठ, स्टेडी लागंल," वाल्मीक मालकांना म्हणाला.

"अहो, देव आहे तो. हलवला तर लंकाबाई जेवायच्या नाहीत. सावकाश घ्या, होईल."

वाल्मीकने दोन्ही हात खिशात घातले. "मग मी नाय करत."

"बरं. राजू करेल. तुम्ही घरी बसा, उद्यापण."

राजू शेजारच्या लेथवर होता. दोन लेकरांचा बाप. तो हात पुसत उठलासुद्धा.

"त्याला धाही बोटं हायेत शेठ," वाल्मीक हळूच म्हणाला. "म्हणून त्यालापण नको."

लंकाबाई झाडू टेकवून पुढे आल्या. "भांडता कशाला? देवालाच इचारू. कौल लावू."

त्यांनी झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून देवाच्या दोन बाजूंच्या बोटांना चिकटवल्या. उजवी पडली तर देव जायला तयार, डावी पडली तर नाही. सगळे थांबले. राजूने लेथ बंद केला. ग्रीसवर पाकळी टिकणार नव्हती, आणि या शनिवारी वाल्मीककडचं ग्रीस एकाच बोटाला पुरलं होतं; कोणत्या ते त्याला आठवेना.

उजवी पाकळी घसरली.

लंकाबाईंनी पदर सावरला. "देव कामावर निघाला. चपला काढा रे."

"चपला काढा, पण बूट नाय," वाल्मीक म्हणाला. "लोखंडाची बुरी पडती, धारदार कीस."

रहेमान आणि राजूने देव उचलून लेथवर बसवला. वाल्मीकने शेंदूर पुसायला चिंधी घेतली, तर लंकाबाईंनी ती काढून घेतली आणि पदराने फक्त बोटांची टोकं पुसली. शाफ्टचं एक टोक फिरत्या चकाच्या पकडीत, दुसरं समोरच्या टेलस्टॉकच्या टेकूवर, मधे तिबोट्या. तिन्ही बोटं नुसती टेकतील इतकीच आवळली, तेलाचे चार थेंब सोडले. लेथ सुरू झाला. शाफ्ट पाण्याच्या धारेसारखा सरळ फिरू लागला.

वाल्मीकने मान वर केली. मशीनवर वाकू नका, लांब उभे राहा, असं तो चार वर्षं सांगत होता, कोणी ऐकत नव्हतं. आज सगळे दहा फुटांवर, रांगेत, हात जोडून उभे होते. मालकसुद्धा.

शाफ्ट पाच वाजता टेम्पोत गेला. निघालेल्या बुरीच्या लांब वेटोळ्याची माळ देवाला घालावी, असं लंकाबाईंच्या मनात होतं. "हात कापंल," म्हणून वाल्मीकने ती भंगारात टाकली. तेवढ्यात शेजारच्या कारखान्याचा माणूस दारात आला. त्यांच्याकडेही एक लांब रॉड होता. देव येतील का, त्याने विचारलं.

"येतील," वाल्मीक म्हणाला. "संग मीपण येईन."

मग तो नळावर गेला. हात धुतले, बोटं मोजली. आठ होती.

मागून राजूही आला. आजूबाजूला कोणी बघत नाही असं पाहून त्यानेही मोजली.