शिकागो, एका दिवसावर

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत मुरलीधरराव करंदीकर भेटले की आधी शिकागो ऐकावं लागे. दिल्लीपासून बारा हजार किलोमीटर, लंडनला विमान बदलायचं, एका दिवसात माणूस घरी. त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धांत तिथे कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. सरकारी कचेरीत जन्म काढलेल्या बापाला सत्त्याण्णव साली एवढा तोरा शोभूनही दिसायचा. मुलाला पाठवायला त्यांच्या पत्नी विनयाताईंचा जीव होत नव्हता, तेव्हा यांनीच समजूत घातली होती, "अगं, झेलम एक्स्प्रेसने पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो! बोलावलं की दुसऱ्या दिवशी दारात. बिल्कुल काळजी करू नकोस."

त्याच वर्षी जूनमध्ये विनयाताई पहाटे हृदयविकाराने गेल्या. मुरलीधररावांनी शिकागोला फोन लावला आणि म्हणाले, "आई सीरियस आहे, ताबडतोब निघ." लांबून येणाऱ्याला गेल्याची बातमी फोनवर द्यायची नाही, ही आपल्याकडची रीत. मला या रीतीची भयंकर चीड आहे, पण त्या सकाळी जमलेल्या प्रत्येकाने मान डोलावली.

दिल्लीचा उन्हाळा. बर्फाच्या लाद्या आणल्या, वितळल्या, पुन्हा आणल्या. आईचं तोंड मुलाने शेवटचं बघावं, एवढंच मुरलीधररावांना हवं होतं. येईल त्याला ते सांगत होते, "निघाला असेल. आता लंडनला असेल बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. सिद्धांत अजून शिकागोतच होता.

"बाबा, इथल्या हार्टच्या डॉक्टरला गाठून आईसाठी नवीन औषध मिळवलं. त्यात कालचा दिवस गेला. आता एअरपोर्टला निघालोय. तिला सांगा."

तेव्हाही त्यांच्या तोंडून खरं निघेना. "सांगतो," एवढंच म्हणाले, रिसीव्हर ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसले. शेजारच्या गुप्ताजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भाईसाहब, अब और नहीं रख सकते." ऊन उतरायच्या आत निगमबोध घाटावर मुरलीधररावांनीच अग्नी दिला.

सिद्धांत आला तो औषधाचा डबा छातीशी धरून. दार उघडंच होतं. आत कोपऱ्यात, आई गेली त्या जागी, पिठावर दिवा तेवत होता. तो बघितल्यावर त्याला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

तो ओरडला असता, भांडला असता, तर आम्हाला सोसलं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "खरं का नाही सांगितलंत, बाबा?"

"एवढ्या लांबच्या प्रवासात एकटाच रडत बसशील, म्हणून."

"रडलो असतो," सिद्धांत म्हणाला. "पण त्याच दिवशी निघालो असतो."