एकाच बाजूला तारा

आमच्या वीजवाहिन्यांच्या नियोजन कार्यालयात त्यांना सगळे पणताई म्हणायचे. काहीही विचारा, उत्तरात एक 'पण' यायचाच. त्यांचे यजमान दातांचे डॉक्टर. "लग्नाला होकार दिला तोही 'पण' लावूनच," असं ते पाहुण्यांना हमखास सांगायचे.

पुढच्या वीसेक वर्षांत वीज किती लागेल, कुठून येईल आणि ती आणायला मोठ्या तारा कुठून न्यायच्या, याचा अंदाज बांधणं हे ताईंचं काम. एकदा आमदारांच्या समितीने त्यांना बोलावलं. शेजारच्या राज्यापर्यंत नवी लाइन बांधायची की नाही, एवढंच समितीला ठरवायचं होतं. ताईंनी पडद्यावर चार वेगवेगळी भविष्यं दाखवली. अध्यक्ष मूळचे वकील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बाई, चार भविष्यं तर ज्योतिषीसुद्धा सांगत नाही. बांधायची की नाही?"

"ते अवलंबून आहे..."

"'अवलंबून आहे' हे मी लोकांना जाऊन सांगू?"

सभागृह हसलं. बैठक पुढे ढकलली गेली.

घरी ताईंचा राग भांड्यांवर निघाला. "त्यांना अभ्यास नकोच आहे. शिक्का मारायला कागद हवाय नुसता!"

"त्यांना काय हवंय, ते विचारलंस का कधी?" डॉक्टर म्हणाले.

"मी कशाला विचारू?"

आठवडाभर धुसफुस झाली आणि मग त्या स्वतःच अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तुमचं गणित मला कळत नाही. आज काय ठरवायलाच हवं आणि काय थांबू शकतं, ते सांगा. अंदाज चुकला तर भुर्दंड कोणाला, तेही सांगा. आणि शेजारचे काय करताहेत, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही."

शेवटचं वाक्य ताईंना लागलं. कारण ते त्यांनाही माहीत नव्हतं. शेजारच्या राज्यातल्या नियोजन अधिकाऱ्याशी त्यांचं वर्षानुवर्षं पत्रांतून भांडण चालू होतं; भेट एकदाही नाही. नकाशाची गुंडाळी काखेत मारून त्या सरळ त्याच्या कार्यालयात जाऊन धडकल्या.

दोघांनी आपापले नकाशे टेबलावर शेजारी-शेजारी पसरले. दोन्ही लाइनी सीमेपर्यंत पोचत होत्या, फक्त एकमेकींपासून चांगल्या दिवसभराच्या चालीवर. अधिकाऱ्याने दोन्ही टोकांवर बोटं ठेवली. "म्हणजे आपण एकमेकांची वाट बघत वेगवेगळ्या स्टॉपवर उभे होतो म्हणायचं!"

हसून झाल्यावर खरं भांडण सुरू झालं. अधिकाऱ्याच्या आकड्यांत कारखाने फुगवलेले होते. पवनचक्क्या उभ्या राहण्याच्या ताईंनी धरलेल्या तारखाही भलत्याच आशावादी होत्या. दोघांनी कुरकुरत का होईना, आपापली हवा काढली आणि मार्ग एक केला.

पुढच्या बैठकीला ताई थोडकंच बोलल्या. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना तारा लावता येतील असे टॉवर आणि तेवढी जमीन आजच घ्या. तारा मात्र एकाच बाजूला ओढा. दुसऱ्या बाजूचं पवनचक्क्या खरंच उभ्या राहिल्या की ठरवा. नाही राहिल्या, तर मोठ्या टॉवरचा जास्तीचा खर्च ग्राहकांच्या बिलात पडेल. आणि लाइनच बांधली नाही, तर उन्हाळ्यात दोन्हीकडच्या कारखान्यांची वीज कापावी लागेल.

"तुमचं मत?" अध्यक्षांनी विचारलं.

"बांधा."

लाइन झाली. उन्हाळे धड गेले. पवनचक्क्या मात्र रखडल्या आणि टॉवरची एक बाजू मोकळीच राहिली. एका वर्तमानपत्राने फोटो छापून 'अर्धवट लाइन' असा मथळा दिला. ताईंचा चेहरा दिवसभर उतरलेला होता. तोवर अध्यक्ष निवडणूक हरले होते आणि समितीही नवी होती. नव्यांनी जाब विचारला तेव्हा ताई म्हणाल्या, "हा खर्च पडू शकतो, असं आम्ही आधीच सांगितलं होतं. लोकांच्या बिलात तो येतोय, हेही खरं. दुसऱ्या तारांची वेळ अजून आलेली नाही. घाईने ओढल्या, तर भुर्दंड वाढेल." समितीने नाक मुरडलं, तरी तारा काही ओढल्या नाहीत.

ताई आता निवृत्त आहेत. संध्याकाळी यजमानांच्या दवाखान्यात बसून पेशंटना आत सोडतात. परवा मी दाढ दाखवायला गेलो, तेव्हा विचारलं, "त्या दुसऱ्या बाजूला तारा कधी येणार हो?"

"माहीत नाही. कदाचित येणारही नाहीत," त्या म्हणाल्या. "चला, आत जा. भूल द्यायला वेळ लागतो त्यांना."